दादाने राखून ठेवलेला नफा

६ जून, गुरुवार

ही डायरी औषध कंपनीवाल्याने जानेवारीत दिली होती. पाच महिने कोरीच पडून होती. आज उघडली, कारण मला भांडायचं आहे आणि ज्याच्याशी भांडायचं तो फोन उचलत नाही.

आईच्या खुब्याचं ऑपरेशन होऊन आज बारा दिवस झाले. मी फिजिओथेरपिस्ट, म्हणून ती माझ्याकडे. हे कुणी ठरवलं नाही, मला कुणी विचारलं नाही, ॲम्ब्युलन्स सरळ माझ्या दाराशी येऊन थांबली. मी दिवसभर हॉस्पिटलात, त्यामुळे तिच्याजवळ एक बाई ठेवली. बाईचा पगार, औषधं, वॉकर, कमोडची खुर्ची. दादाला म्हटलं, अर्धं तू दे. तर म्हणाला, "या महिन्यात जरा निभाव, चिमे. पुढच्या महिन्यात बघतो."

मी चोपन्न वर्षांची आहे. मला अजून चिमी म्हणतात आणि अजून पुढच्या महिन्यावर ढकलतात.

बाबांचा रंगाच्या ब्रशचा कारखाना दादा चालवतो. बाबा गेल्यावर कंपनीचे शेअर वाटले गेले ते असे: शंभरातले पंचेचाळीस दादाला, तीस मला, पंचवीस आईला. अकरा वर्षं झाली. माझ्या तिसांवर एकदाही लाभांश मिळालेला नाही. दरवर्षी वार्षिक अहवालाचं एक जाड पाकीट येतं आणि दरवर्षी मी ते न उघडता कपाटात टाकते. आज यंदाचं उघडलं. बहुतेक काही कळलं नाही. एक ओळ मात्र कळली.

राखून ठेवलेला नफा: तीन कोटी शहाऐंशी लाख.

एवढे राखून ठेवलेत, आणि आईच्या खुर्चीचे अर्धे पैसे पुढच्या महिन्यात.

७ जून, शुक्रवार

तीस टक्के म्हणजे एक कोटी पंधरा लाख ऐंशी हजार. कॅल्क्युलेटरवर तीनदा केलं. बदलत नाही.

१० जून, सोमवार

दादाने शेवटी फोन उचलला. मी आडवळण घेतलंच नाही.

"राखून ठेवलेला नफा कुठे राखून ठेवलायस?"

"कंपनीत."

"कंपनीत म्हणजे कुठे? बँकेत? कपाटात?"

"अगं, तसं नसतं ते."

"मग कसं असतं?"

मध्येच कारखान्यात कुणालातरी काहीतरी ओरडून सांगितलं. मग म्हणाला, "तुला नाही कळायचं. तू पेशंट बघ."

मी फोन ठेवला आणि पेशंट बघितला. कोपराचा होता. बिचारा ओरडला. मी माफी मागितली, तेव्हा कुठे लक्षात आलं की हात माझा होता पण जोर दादासाठी होता.

तुला नाही कळायचं. हे वाक्य बाबांचं. दादाने कारखान्याबरोबर तेही वारशात घेतलं.

१२ जून, बुधवार

बुधवारी अकराला एक नवा पेशंट येतो, गुडघा बदललेला. एकाहत्तर वर्षांचे, चाळीस वर्षं कंपन्यांचे हिशेब तपासण्यात घालवलेली. आम्ही सगळे त्यांना ऑडिटरकाका म्हणतो. गुडघा सत्तर अंशांपुढे वाकत नाही आणि तोंड बंद होत नाही. आज मीच त्यांना बोलतं केलं. म्हटलं, काका, एखाद्या कंपनीकडे राखून ठेवलेला नफा तीन कोटी शहाऐंशी लाख असेल, तर मालक लोक सोडून बाकीच्यांना तो मागता येतो का?

"मागता येतो. मिळत नाही. हळू, हळू... त्या कंपनीच्या बँकेत किती आहेत?"

"नफा आहे ना तेवढा."

"बाई, मी बँकेचं विचारतोय."

मला माहीत नव्हतं. ते हसले. गुडघा वाकवलेला असताना माणूस हसतो तेव्हा मला नेहमीच संशय येतो की गुडघा पुरेसा वाकलेला नाही. मी आणखी दोन अंश वाकवला.

त्यांनी जे सांगितलं ते जसं कळलं तसं लिहिते. कंपनी सुरू झाल्यापासून जेवढा नफा झाला, त्यातून लाभांश म्हणून वाटलेला वजा केला, की उरतो तो राखून ठेवलेला नफा. ती पैशांची रास नव्हे. आजवर किती वाटलं नाही याची नुसती नोंद. पैसे केव्हाच कुठेतरी गेलेले असतात: यंत्रात, मालात, गिऱ्हाइकांकडच्या उधारीत, कर्ज फेडण्यात. "तुमचा पगार तीस वर्षांचा मोजला तर केवढा होईल? तेवढे आत्ता पर्समध्ये आहेत का?"

मी म्हटलं, पर्समध्ये नाहीत, पण कुठे गेले ते मला सांगता येईल.

"शाबास," म्हणाले. "मग तेच तुमच्या भावाला विचारा."

भाऊ आहे हे मी सांगितलंच नव्हतं.

१५ जून, शनिवार

दादा आईला बघायला आला. त्याच बारा वर्षांच्या गाडीतून. बुटाचा तळ पुढून उघडा पडलाय, चालताना टाळी वाजते. मला दाखवायला मुद्दाम घालून आला असणार. कोटींचा मालक आणि फाटके बूट, नाटक करावं तर दादाने.

अर्धा तास आईजवळ दार लोटून बसला. आत कुजबुज. मी चहा घेऊन गेले तर दोघे गप्प. दादाने कागद घडी करून खिशात घातला. विचारलं तर आई म्हणाली, "दरवर्षीचं असतं ते, सभेचं. माझी सही लागते."

तो गेल्यावर आईच्या हातांना व्यायाम दिला. हात मोकळे. "बांगड्या कुठे?"

"ऑपरेशनला काढल्या ना."

पन्नास वर्षं घातलेल्या बांगड्यांचा मनगटावर पांढुरका पट्टा पडतो. तिच्या मनगटावर पट्टा नव्हता, सगळीकडे एकच रंग. म्हातारपणी कातडी बदलते. तेही असेल.

१९ जून, बुधवार

अहवाल घेऊन गेले. ऑडिटरकाकांना पलंगावर झोपवलं, टाचेखाली टॉवेलची गुंडाळी दिली आणि अहवाल त्यांच्या छातीवर ठेवला. मी मांडी दाबतेय, ते पानं उलटतायत.

बँकेत: चार लाख.

मी म्हटलं, चार कोटी असेल, नीट बघा. चार लाखच.

"बाकी इथे आहे," म्हणाले. "यंत्रसामग्री, एक कोटी चाळीस लाख. तयार माल, एक कोटी सत्तर लाख. गिऱ्हाइकांकडून येणं, सत्तर लाख. इमारत वगैरे पंचेचाळीस. देणी वजा करा, भागभांडवल वजा करा, तुमचे तीन कोटी शहाऐंशी लाख जुळतात."

"म्हणजे चोरी नाही?"

"एवढ्यावरून नाही म्हणता येत. आहेही म्हणता येत नाही." मग चष्मा काढून म्हणाले, "नफा राखून ठेवणं हा गुन्हा नाही. तुमचा पैसा तुम्हाला न देता कंपनी तुमच्या वतीनेच पुन्हा गुंतवते. चांगला गुंतवला तर वाटण्यापेक्षा बरा. प्रश्न एकच विचारायचा. ठेवलेल्या पैशाने पुढे किती मिळवलं? जुने अहवाल आहेत?"

आहेत. न उघडलेली दहा पाकिटं.

२३ जून, रविवार

दिवसभर जेवणाच्या टेबलावर पाकिटं फोडत बसले. आई दुरून बघत होती. दोनदा म्हणाली, "कशाला जुनी मढी उकरतेस?" मी पुढचं पाकीट फोडलं.

दहा वर्षांपूर्वी कंपनीचा वर्षाचा नफा पस्तीस लाख. मग छत्तीस, तेहेतीस, चौतीस, असा खालीवर. गेल्या वर्षी एकतीस. या दहा वर्षांत न वाटता ठेवलेला नफा तीन कोटी वीस लाख.

कागदावर एकाखाली एक लिहिलं. तीन कोटी वीस लाख कारखान्यात ओतले आणि वर्षाचा नफा चार लाखांनी कमी झाला. नुसते बँकेत ठेवले असते तरी झोपल्याजागी व्याज मिळालं असतं.

मला वाटलं होतं दादाने पैसे दाबून ठेवलेत. ते परवडलं असतं, दाबलेलं काढता येतं. तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते आज कळलं. पाय खरंच गरम झाले होते.

"माझ्याकडे अशी काय बघतेस?" आई म्हणाली.

"तुझेही पंचवीस होते यात."

"माझं काय. मला काय करायचेत."

या वाक्याचा मला दादापेक्षा जास्त राग येतो.

२६ जून, बुधवार

गुडघा चौऱ्याऐंशी अंश.

ऑडिटरकाकांनी माझा कागद वाचला आणि चष्मा पुसून परत वाचला. मग दहा वर्षांच्या तयार मालाचे आकडे एका ओळीत लिहायला लावले. पहिली पाच वर्षं पंधरा-वीस लाखांच्या आसपास. नंतर दरवर्षी तीस-तीस लाखांनी वर. विक्री मात्र होती तिथेच.

"माल बनतोय आणि विकला जात नाहीये," म्हणाले. "न विकलेला माल हिशेबात खर्च म्हणून दिसत नाही, मालमत्ता म्हणून बसतो. त्यामुळे नफा नफ्यासारखा दिसतो. नियम असा आहे की तो माल जेवढ्याला जाईल तेवढीच किंमत लावायची. कुणी घेणारच नसेल तर..."

"तर?"

"तर जाऊन बघा काय आहे ते. शेअर आहेत म्हणून गोदाम उघडायला लावता येत नाही. पण लेक म्हणून गेलात तर कोण अडवेल?"

मला अडवतील, म्हटलं. लेक म्हणूनच अडवतील.

१ जुलै, सोमवार

कुणी अडवलं नाही.

सोमवारी सकाळी दादा बँकेत असतो, म्हणून रजा टाकून गेले. अकरा वर्षांनी पाय ठेवला. गोंदाचा आणि तासलेल्या लाकडाचा तोच वास. शाळेत असताना सुट्टीत मी इथे केसांच्या जुड्या बांधायचे. नायलॉनचे केस मुठीत घ्यायचे, टेबलावर आपटून एका उंचीत आणायचे, दोरा मारायचा. न मोजता मुठीत बरोबर तेवढेच यायचे. बाबा माझ्या जुड्या तराजूत टाकायचे आणि बाकीच्यांना म्हणायचे, हिच्याकडून शिका. पुढे एक दिवस म्हणाले, आता तू अभ्यास कर, इथलं दादा बघेल. दादाच्या जुड्या कायम कमी भरायच्या.

आज टेबलाजवळून जाताना मूठभर उचलले. आले बरोबर. ठेवून दिले.

फोरमन बाबांच्या वेळचाच आहे. मला बघून हात पुसत आला. "ताई, तुम्ही? वाट चुकलात का?"

"मागची शेड बघायची आहे."

त्याने हात पुन्हा पुसले. मग म्हणाला, "साहेबांना विचारून..."

"तुमच्या साहेबांनी तुम्हाला मोजमाप शिकवलं की मी शिकवलं?"

चावी घेऊन आला.

पुढच्या भागात ताडपत्रीखाली यंत्र. ताडपत्री उचलली. तारेला पीळ देऊन तिच्यात केस बसवणारं, बाटल्या धुवायचे ब्रश बनवायचं यंत्र. शेवटचं तेल कधी घातलं ते दिसतच होतं. त्याच्या मागे भिंतीपासून भिंतीपर्यंत, छताला टेकतील अशी खोकी.

"किती आहेत?"

"दोन हजारांच्या वर दहा-बारा."

"आत?"

"बाटलीचे ब्रश. एका खोक्यात एकशे चाळीस."

हळूहळू सगळं सांगितलं त्याने, उलट्या बादलीवर बसून. सात वर्षांपूर्वी एका सरबतवाल्या मोठ्या कंपनीने शब्द दिला होता: काचेच्या बाटल्या धुवायला लागतील तेवढे ब्रश तुमच्याकडून घेऊ. त्या शब्दावर दादाने साठलेल्या नफ्यातून यंत्र आणलं. दोन वर्षं माल गेला. मग त्यांनी काचेच्या बाटल्याच बंद केल्या. प्लॅस्टिक. एकदा प्यायचं आणि फेकायचं. धुणार काय?

"मग पुढची पाच वर्षं बनवत का राहिलात?"

"यंत्र वर्षातच थांबवलं, ताई. नंतरचे हातांनी वळले. रंगाच्या ब्रशांना आता अठरा माणसांचं काम नाही, बाराचं आहे. सहांना काढा म्हणून सांगणारे पुष्कळ आले. साहेब म्हणाले, हात रिकामे ठेवू नका, बाटलीचे वळू दे, कुठेतरी खपतील."

"आणि खपले नाहीत."

"एक खोकं गेलं. ॲक्वेरियमवाल्याने नेलं."

माझा एक कोटी पंधरा लाखांचा हिस्सा मी आज डोळ्यांनी पाहिला. हात लावून पाहिला. टोचतो.

२ जुलै, मंगळवार

आज काही लिहायचं नाही. तीन पेशंट दुसऱ्यांकडे दिले. हातांवर भरवसा नव्हता.

६ जुलै, शनिवार

दादा आला. फोरमनने सांगितलेलं असणार, कारण बूट काढता काढताच म्हणाला, "बघितलंस ना? झालं समाधान?"

आई शेजारच्या खोलीत, म्हणून दोघे स्वयंपाकघरात उभे राहून भांडलो. हळू आवाजात. हळू आवाजात भांडायला दुप्पट दम लागतो.

मी म्हटलं, "चोर असतास तर बरं झालं असतं."

"काय?"

"चोराकडून वसूल करता येतं. तू तर पैसे खोक्यांत भरलेस. पाच वर्षं. आणि दरवर्षी कागदावर लिहिलंस की हा माल एक कोटी सत्तर लाखांचा आहे."

"तेवढा खर्च आलाय त्याला."

"खर्च आलाय म्हणजे किंमत आहे का? मी उद्या तुझ्या गाडीला सोन्याचं हँडल लावलं तर..."

"माणसं काढायला हवी होती का मी? बाबांची माणसं?"

"मला सांगायला हवं होतंस."

"तुला सांगून काय झालं असतं?"

  त्याने ते ज्या आवाजात विचारलं त्यावर मी ओटा इतका जोरात पुसला की फडकं फाटलं.

तो तिथेच भिंतीला टेकून उभा होता. फार बारीक झालाय. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल. म्हणाला, "तीन वर्षं मी पगार घेतलेला नाही, चिमे."

"कुणी सांगितलं होतं न घ्यायला?"

गेला. चहा तसाच.

१४ जुलै, रविवार

वहिनीचा फोन. ती कधी मला फोन करत नाही. बँकेत कॅशियर आहे, शब्दही मोजून देते.

"तुम्ही कळवलंत म्हणे, सभेत आकडे बदलायला सांगणार म्हणून."

"खरे आकडे लिहायला सांगणार."

"त्यांना झोप नाही चार दिवस."

"मला अकरा वर्षं लाभांश नाही."

मग म्हणाली, "एक विचारू? तुम्हाला पैसे हवेत की त्यांनी कबूल करायला हवंय?"

मी म्हटलं, पैसे. अर्थातच पैसे. माणसाला दुसरं काय हवं असतं कंपनीकडून?

ती "बरं" म्हणाली. तिचं "बरं" मला आवडलं नाही. दिवसभर कानात अडकून राहिलं.

३ ऑगस्ट, शनिवार

सभा माझ्या घरी झाली. आईला कारखान्याचा जिना चढता येत नाही, म्हणून कंपनीची वार्षिक सभा तिच्या पलंगाभोवती. उशांना टेकून आई, खुर्चीत दादा, स्टुलावर मी. कंपनीचे हिशेबनीस दारातच उभे, बसा म्हटलं तरी बसेनात. हवेत बामचा वास.

दादाने ताळेबंद वाचला. मंजुरी द्यावी म्हणाला.

मी उभी राहिले. ऑडिटरकाकांनी लिहून दिलेलं पाठ केलं होतं, पण निम्मं विसरले. जे आलं ते बोलले. बाटल्यांच्या ब्रशांना बाजारात फार तर वीस लाख येतील, तेवढेच लिहा. यंत्र भंगारात न घालता विकलं तरी तीस लाखांच्या वर जाणार नाही, तेवढे लिहा. येण्यांपैकी पंचवीस लाख बंद पडलेल्या दुकानांकडे आहेत, ते सोडून द्या. आणि यापुढे दरवर्षी एका पानावर लिहा की यंदा नफा किती, वाटला किती, ठेवला किती आणि ठेवला तो कशासाठी.

हिशेबनिसांनी मनातच वजाबाकी केली. "मग राखून ठेवलेला नफा एक कोटी एक लाख राहील."

"हो."

दादाचा आवाज खाली गेला. "बाबा गेले तेव्हा सहासष्ट लाखांवर होता. अकरा वर्षांत एवढाच वाढवला असं दिसेल."

"एवढाच वाढवलायस."

"मतदान घेऊ," दादा म्हणाला. माझ्याकडे बघत नव्हता. पंचेचाळीस त्याचे, तीस माझे. दोघे आईकडे वळलो. तिच्या वतीने त्याने मत द्यावं असा तिच्या सहीचा कागद त्याच्या खिशात होता, मला ठाऊक होतं. त्याने तो काढला. उघडला. पण आई समोर बसलेली असताना तिच्या नावाचा कागद कसा दाखवायचा, हे त्याला कळेना. आईने हात पुढे केला, कागद घेतला आणि उशीखाली सारला.

"माझ्या बांगड्या दोन वर्षांपूर्वीच माणसांच्या पगारात गेल्या," आई म्हणाली. मला सांगत होती. "यानं मागितल्या नव्हत्या. मीच दिल्या. म्हटलं, निघेल पुढच्या वर्षी माल."

 ऑपरेशनला काढल्या म्हणून सांगितलंस मला, एवढंच डोक्यात.

आई दादाकडे वळली. "तिचं बरोबर आहे. कमी लिही."

"आई..."

"कमी लिही. मला अजून एक वर्ष असं बघवणार नाही."

दादा काही वेळ हातातल्या पेनाचं टोपण लावत आणि काढत राहिला. मग पाणी मागितलं. मी आणून दिलं. प्याला. हिशेबनिसांनी जुने आकडे खोडून नवे लिहिले, त्याने प्रत्येक खाडाखोडीजवळ सही केली. सात सह्या. सातवी करून पेनाला टोपण लावलं.  

"आता झालं तुझ्या मनासारखं," तो म्हणाला.

"माझ्या मनासारखं काय झालं?" मी सुरू केलं. "मला एक छदाम..."

"चिमे," आई म्हणाली, "जिंकलीस ना, आता गप्प बस."

मी कप विसळायला गेले. दोन कपांचे कान तुटले.

४ ऑगस्ट, रविवार

हिशेब: दोन महिने, अकरा अहवाल, एक दिवसाची रजा, दोन कप. मिळकत: शून्य. लाभांश यंदा नाही, पुढच्या वर्षीही बहुधा नाही. डोंगर पोखरला आणि उंदीरही माझ्याच नावावर.

आईवर राग, दादावर राग, बाबांवर तर फार आधीपासून. आईचा व्यायाम घेतला. वीस पावलं चालली. मी नुसते आकडे मोजत होते.

१४ ऑगस्ट, बुधवार

ऑडिटरकाकांचा शेवटचा दिवस. एकशे अठरा अंश. त्यांना सगळं सांगितलं.

"म्हणजे आता खरा आकडा आहे तुमच्याकडे," म्हणाले. "छोटा, पण खरा. यावर पुढे काही बांधता येतं. आधीच्यावर नुसतं भांडता येत होतं."

मी म्हटलं, मला भांडणंच जमतं.

"ते दिसलं," म्हणाले आणि गुडघ्यावर हात फिरवला. जाताना विचारलं, "त्या सहा माणसांचं काय?"

दोघे वय झालेले, हिशेब घेऊन गेले. तिघे रंगाच्या ब्रशांवर. एक राहिली, तिला मी आमच्या हॉस्पिटलच्या धुलाई विभागात चिकटवून दिलंय. हे मी दादासाठी केलं नाही. बाईचे हात चांगले आहेत म्हणून केलं. लिहून ठेवते, उगीच कुणाचा गैरसमज नको.

२७ ऑगस्ट, मंगळवार

सकाळी सातला फोन. तोंड धुतलेलं नाही, आईचं गरम पाणी गॅसवर, आणि याचा फोन.

"यंत्राला गिऱ्हाईक आलंय. नऊला येतोय. किती सांगू?"

"मला काय विचारतोस? मालक तू."

"सांग ना. मी अठ्ठावीस म्हणणार होतो."

"अठ्ठावीस कुणी म्हणतं का? पस्तीस सांग. सौदा बत्तीसला तुटेल. आणि त्याला आधी चालवून दाखव. तेल घातलंस का? त्या पिळाच्या चाकाला घाल, बाहेरून नाही, आतून. फोरमनला सांग, तो बाहेरूनच घालतो."

"थांब, लिहून घेतो," म्हणाला.

मग ब्रशांचं काढलं त्याने. म्हणाला, हॉस्पिटलात बाटल्या धुतात का? मी म्हटलं, लहान बाळांच्या धुतात, पण त्यांना केस मऊ लागतात. किती मऊ? मी म्हटलं, तसं फोनवर कसं सांगणार, हातात घेऊन बघावं लागेल. मग शनिवारी ये म्हणाला. मी म्हटलं, शनिवारी मला वेळ नाही, रविवारी बघू.

घड्याळात बघितलं तर पाऊण तास झालेला. पाणी उकळून निम्मं आटलं, चहा गार, हॉस्पिटलला उशीर. साधं फोन कधी करावा एवढंही कळत नाही माझ्या भावाला.